जुन्या नौकेचे इंजिन : एका नित्याच्या तक्रारीचा आढावा

कोकणच्या किनाऱ्यावर जुनी यांत्रिक नौका विकत घेणे ही काही अपवादात्मक घटना नव्हे. नवी नौका बांधून तीत नवे इंजिन बसविण्याइतके भांडवल ज्याच्यापाशी नाही असा होतकरू तांडेल, भावाभावांच्या वाटणीनंतर स्वतंत्र धंदा मांडू पाहणारा मच्छीमार, किंवा मालवण-तारकर्लीकडे येणाऱ्या पर्यटकांना खाडीत फिरवून चार पैसे गाठीला बांधू इच्छिणारा तरुण, या सर्वांचा या व्यवसायातील प्रवेश बहुधा दुसऱ्याने वापरून विकायला काढलेल्या नौकेतूनच होत असतो; आणि व्यवहार पुरा झाल्यावर थोड्याच दिवसांत जी तक्रार बंदरावर ऐकू येते तिचे शब्दही ठरल्यासारखे असतात : घेताना मशीन चांगली चालत होती, आता भर समुद्रात बंद पडते. या साध्या वाक्याच्या पोटात तीन निरनिराळे प्रश्न दडलेले आहेत. इंजिन का बंद पडते, हा झाला यंत्रशास्त्राचा प्रश्न. ते बंद पडणार हे आधी कळू शकले असते काय, हा व्यवहाराचा. आणि त्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हा कायद्याचा. बंदरावरील वादात हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतवले जातात आणि म्हणूनच एकाचेही समाधानकारक उत्तर मिळत नाही. त्यांचा स्वतंत्रपणे आणि क्रमाने परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ज्याला आपण सरसकट नौकेचे इंजिन म्हणतो त्यात वस्तुतः भिन्न कुळींची यंत्रे मोडतात. पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाची छोटी नाव गोटलिब डाइमलर याने १८८६ साली जर्मनीतील नेकार नदीत चालवून दाखविली, आणि पुढे ओले एव्हिनरूड याने १९०९ च्या सुमारास अमेरिकेत, नावेच्या मागील फळीवर बाहेरून टांगावयाचे सुटे इंजिन विक्रीला आणले. आज आपल्या खाड्यांत दिसणारी आऊटबोर्ड यंत्रे याच परंपरेतली. डिझेल इंजिनाने आपल्याकडे मूळ धरले ते निराळ्या वाटेने. पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना १९४६ साली स्थापन झाला, आणि स्वातंत्र्योत्तर पंचवार्षिक योजनांच्या काळात किनाऱ्यावरील शिडाच्या होड्यांच्या यांत्रिकीकरणाला सरकारी उत्तेजन मिळाले. आजच्या मोठ्या मच्छीमार नौकांतील पुष्कळशी इंजिने मूळची मालमोटारीच्या घराण्यातील असून, त्यांना समुद्राच्या पाण्याने थंड होण्याची योजना आणि नौकेसाठी निराळा गिअर जोडून दर्यावर धाडलेले असते. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण अशा यंत्राचा गाभा सामान्यतः दणकट असतो आणि त्याचे दुखणे पुष्कळदा त्याला मागाहून जोडलेल्या अवयवांतून सुरू होते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. गिऱ्हाईक इंजिनाविषयी पहिला प्रश्न विचारते तो त्याच्या वयाचा, आणि दुसरा ते किती तास चालले आहे याचा. हे दोन्ही प्रश्न निरर्थक नाहीत. परंतु समुद्रावरील इंजिनाची प्रकृती ठरविणारा तिसराच एक हिशेब असतो आणि तो क्वचितच विचारला जातो. तो म्हणजे, इंजिन अलीकडे किती काळ निजून होते आणि निजविताना त्याची काय व्यवस्था लावली होती. रोज चालणाऱ्या इंजिनात इंधन ताजे राहते, तेलाचा पातळ थर प्रत्येक घासणाऱ्या भागावर टिकून राहतो, रबरी भाग लवचिक राहतात, आणि बिघाड झालाच तर तो त्याच दिवशी ध्यानात येतो. उलट, चार महिने उभ्या असलेल्या इंजिनात खाऱ्या हवेचे आणि दमटपणाचे कार्य अखंड चालू असते, आणि ते पाहावयास कोणी नसते.

आपल्या किनाऱ्यावर हा निद्राकाळ तर कॅलेंडरानेच नेमून दिलेला आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. प्रवासी आणि पर्यटक नौका मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत बंद राहतात. या काळात नौका किनाऱ्यावर ओढून, झावळ्यांनी किंवा ताडपत्रीने शाकारून ठेवण्याची वहिवाट आहे. जुन्या नौकेचा सौदा याच दिवसांत जुळला म्हणजे घेणाऱ्याला ती पाण्यात चालवून पाहण्याची सोयच उरत नाही. जमिनीवर उभ्या नौकेचे इंजिन पाच-दहा मिनिटे चालवून त्याचा आवाज ऐकविला जातो, बयाणा दिला जातो, आणि ऑगस्टात हंगाम उघडताच, म्हणजे समुद्र अद्याप पुरता निवलेला नसताना, नौका प्रथमच पाण्यात लोटली जाते. किनाऱ्यावरील दहा मिनिटांत जी गोष्ट उमजणे अशक्य होते ती मग बंदराच्या मुखाशी, लाटांच्या माऱ्यात उमजते. असे तेथेच का घडते, याचे पहिले उत्तर इंधनाच्या टाकीत सापडते.

अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर उभी राहिली म्हणजे तिच्या वरच्या पोकळीतील दमट हवेचे पाणी होऊन ते तळाशी साचते, कारण पाणी डिझेलपेक्षा जड. पाणी आणि डिझेल जेथे भेटतात त्या सीमेवर सूक्ष्मजंतू आणि बुरशी वाढते आणि तिचा काळपट, बुळबुळीत साका तयार होतो. शांत पाण्यात हा साका तळाशी पडून राहतो आणि वरचे स्वच्छ डिझेल इंजिनाला मिळत राहते. नौका हेलकावे घेऊ लागली की तो ढवळला जाऊन नळीत शिरतो आणि फिल्टर तुंबवितो. इंजिनाचा जोर हळूहळू ओसरतो, ते दम टाकते आणि थांबते. काही वेळ थांबून पुन्हा सुरू केले तर थोडे चालते आणि पुन्हा थांबते. हे लक्षण इतके बोलके आहे की जाणता मिस्त्री इंजिनाला हात लावण्यापूर्वी टाकीच्या तळाचे थोडे डिझेल काचेच्या बाटलीत काढून उजेडाला धरतो. बाटलीच्या बुडाशी पाण्याचा स्वच्छ थर आणि त्यावर काळ्या धाग्यांसारखे काही तरंगताना दिसले की अर्धे निदान झाले. अशा वेळी नुसता फिल्टर बदलणे म्हणजे दुखणे पुढे ढकलणे होय. टाकी रिकामी करून आतून पुसून काढल्याखेरीज गत्यंतर नसते. हेच पाणी पुढे इंधनपंपात आणि नोझलमध्ये पोहोचले तर तेथील अतिसूक्ष्म जुळणीचे, केवळ डिझेलच्याच वंगणावर जगणारे भाग गंजतात, आणि मग खर्चाचा आकडा एकदम चढतो.

इंधनमार्गातील दुसरा दोष याहून फसवा आहे. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीतून डिझेल ओढले जात असते. त्यामुळे त्या भागातील एखादा सांधा सैल असला तर बाहेर थेंबही गळत नाही, उलट बाहेरची हवा आत शिरते. इंजिनाने एअर घेतली, असे मिस्त्री म्हणतात. एअर काढली की इंजिन लगेच सुरू होते, आणि म्हणूनच विकणारा प्रत्येक वेळी ती गुपचूप काढून इंजिन सुरू करून दाखवू शकतो. पेट्रोलच्या आऊटबोर्डाला निराळी पीडा आहे. जुने पेट्रोल काही महिन्यांत विरते आणि कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट लेप ठेवून जाते. त्यातच आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून विलग होतात आणि तळाशी बसतात. यंत्र सुरू करण्याच्या क्षणी नळीत येते ते हेच तळचे मिश्रण. रॉकेलवर चालणाऱ्या यंत्रांत आणखी एक पथ्य असते : बंद करण्यापूर्वी काही वेळ ते पेट्रोलवर चालवून कार्ब्युरेटरातील रॉकेल संपवावे लागते. पूर्वीच्या मालकाने हे पथ्य पाळले नसेल तर काजळीने भरलेले प्लग त्याची साक्ष देतात.

इंधनाच्या खालोखाल, आणि परिणामांच्या दृष्टीने त्याहूनही गंभीर, असा विषय म्हणजे थंडाईचा. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि ते पाणी तापले की त्यांतील कॅल्शियमचे क्षार नळ्यांच्या अंगाला धरू लागतात. थेट समुद्राच्या पाण्याने थंड होणारी इंजिने याच कारणाने साठ अंशांच्या आसपास, म्हणजे मोटारीच्या इंजिनापेक्षा बरीच थंड, चालविली जातात. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने यंत्र धुवून काढण्याची शिस्त ज्याने पाळली नाही त्याच्या यंत्राच्या आतील वाटा वर्षागणिक अरुंद होत जातात. आऊटबोर्डाच्या अंगातून जी पाण्याची बारीक पिचकारी उडते तिच्यावर गिऱ्हाइकाचा मोठा भरवसा असतो. परंतु त्या पिचकारीवरून पंप पाणी उचलतो आहे एवढेच सिद्ध होते, सर्व वाटा मोकळ्या आहेत असे नव्हे.

या पंपाचा प्राण म्हणजे रबरी पात्यांचे एक छोटे चक्र, इम्पेलर. ते पाण्याच्याच वंगणावर फिरते. कोरडे फिरले तर थोड्याच अवधीत करपते, आणि महिनोन्महिने एकाच स्थितीत दबून राहिले तर त्याची पाती वाकलेलीच राहतात. जमिनीवर उभ्या नौकेचे इंजिन पाण्याच्या सोयीवाचून चालवून आवाज ऐकविण्याची जी प्रथा वर सांगितली, ती या चक्राचा घात करणारी आहे. म्हणजे परीक्षेनेच रोग निर्माण करण्यासारखा हा प्रकार झाला. पंप उघडल्यावर सहा पात्यांपैकी दोन तुटलेली आढळली तर नवे चक्र बसवून मोकळे होणे हे अर्धवट काम होय. तुटलेले ते दोन तुकडे कोठे गेले, हा खरा प्रश्न. ते पाण्याच्या प्रवाहाबरोबर पुढे जाऊन हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी किंवा एखाद्या वळणावर अडकून बसतात, आणि नवे चक्र असूनही इंजिन तापतच राहते. मग थर्मोस्टॅट बदलला जातो, गॅस्केट बदलले जाते, मूळ मालकाला शिव्या दिल्या जातात, आणि रबराचे दोन तुकडे जागच्या जागी राहतात.

इंजिनाच्या गर्भातील दोष बहुधा इंधन आणि थंडाई यांतील दोषांचेच अपत्य असतात. तापलेल्या इंजिनाचे हेड वाकते, गॅस्केट फुटते आणि पाणी तेलात मिसळते. तेलाची कांडी बाहेर काढली असता तिच्यावर दुधाळ, साईसारखा थर दिसतो. आऊटबोर्डाच्या पायातील गिअरचे तेल असे दुधाळ निघाले तर तेथील सील गेले असे समजावे. दीर्घकाळ उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटतात, लायनरवर गंजाचे डाग धरतात आणि दाब कमी पडतो. अनेक सिलिंडरांच्या यंत्रात प्रत्येकाचा दाब मोजून पाहावा; त्यांत दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक तफावत असली तर सौदा थांबवून विचार करावा. धूरही साक्षीदार असतो : डिझेल इंजिनाचा काळा धूर अतिभार, हवेची कमतरता किंवा खराब नोझल सुचवितो, निळा धूर तेल जळत असल्याचे सांगतो, आणि गरम झाल्यावरही न जाणारा पांढरा धूर न जळलेल्या इंधनाची वा आत शिरलेल्या पाण्याची शंका उत्पन्न करतो.

विजेच्या बाबतीत फार लिहिण्याचे कारण नाही. खाऱ्या हवेने हिरवट पडलेल्या तारा, अर्थिंगचा सैल बोल्ट आणि दमलेली बॅटरी यांनी जितकी आऊटबोर्ड यंत्रे मृत ठरविली आहेत तितकी कदाचित अंतर्गत बिघाडाने ठरविली नसतील. सुरक्षेच्या दोरीची छोटी चाप जागेवर नसल्यामुळे सुरू न होणारे यंत्र मिस्त्रीकडे वाहून नेले गेल्याच्या कथा तर प्रत्येक बंदरावर ऐकावयास मिळतात.

याउलट, ज्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही असा एक अवयव, म्हणजे पंखा, इंजिनाच्या बाहेर, पाण्याखाली असतो. इंजिनाला पूर्ण वेग दिल्यावर ते कारखान्याने नेमून दिलेले फेरे गाठते की नाही, ही त्याच्या आरोग्याची एक उत्तम कसोटी आहे. मात्र ते गाठत नसेल तर दोष इंजिनाचाच असतो असे नाही. नौकेच्या बुडाला शेवाळ आणि शिंपल्यांचे थर चढले असतील, पंख्याची पाती वाकली असतील, किंवा आधीच्या मालकाने अधिक ओढीच्या हव्यासाने गैरमापाचा पंखा बसविला असेल, तर निरोगी इंजिनही ओझ्याखाली गुदमरते, काळा धूर ओकते आणि तापते. आऊटबोर्डात पंख्याची पिच एका इंचाने बदलली तर मिनिटाला साधारणपणे दीडशे ते दोनशे फेऱ्यांचा फरक पडतो, असा मिस्त्रींचा ठोकताळा आहे. लाकडी नौकेची गोष्ट आणखी नाजूक. शाकारून ठेवलेल्या दिवसांत तिचे लाकूड वाळते, पाण्यात उतरल्यावर ते पुन्हा फुगते, आणि नौकेचा आकार किंचित बदलतो. म्हणून इंजिन आणि शाफ्ट यांची जुळणी नौका एकदोन दिवस पाण्यात राहिल्यानंतरच तपासावी असा नियम आहे. तो न पाळल्यामुळे होणारा थरथराट इंजिनाच्या माथी मारला जातो.

या सर्व विवेचनाचा रोख एकाच निष्कर्षाकडे आहे. नौका घेतल्यानंतर लवकरच उद्भवणाऱ्या तक्रारींत पुष्कळ वेळा इंजिनाचा गाभा निर्दोष असतो; बिघाड त्याच्या आहारात, थंडाईत, विजेत किंवा ओझ्यात असतो, आणि त्याचे मूळ वापरात नसून बेवारस विश्रांतीत असते. यावरून तपासाचा क्रमही आपोआप ठरतो : प्रथम टाकी, नळ्या आणि फिल्टर, मग पंप आणि पाण्याच्या वाटा, मग बॅटरी आणि तारा, मग पंखा आणि बूड, आणि हे सर्व निर्दोष ठरल्यावरच हेड उघडण्याचा विचार. प्रत्यक्षात मात्र उतावीळ मालक याच्या नेमके उलट वागतो. ज्या नौकांत थंडाईचे पाणी धुराच्या नळीतूनच बाहेर पडते त्यांत तर हा उतावीळपणा घातक ठरतो. कारण इंजिन पेट घेत नसताना स्टार्टर वारंवार मारीत राहिले की पंप पाणी ढकलीत राहतो, ते बाहेर फेकण्यास धुराचा जोर नसतो, आणि अखेर ते उलटे सिलिंडरात शिरते. शंभर रुपयांच्या फिल्टरने भागले असते तेथे संपूर्ण इंजिन उतरवावे लागते, आणि हा शेवटचा बिघाड सर्वस्वी नव्या मालकाच्या हातचा असतो.

आता कायद्याचा विचार करू. आपल्या मालविक्री कायद्याच्या, म्हणजे १९३० च्या अधिनियमाच्या, कलम १६ ची भूमिका मूलतः अशी आहे की मालाच्या गुणवत्तेविषयी, काही अपवाद वगळता, विकणाऱ्याची गर्भित हमी नसते. अपवाद आहेत ते मुख्यतः त्या मालाचा व्यापार करणाऱ्या विक्रेत्यांविषयी. एका तांडेलाने आपली नौका दुसऱ्याला विकली तर त्यांचा आधार मिळणे कठीण, आणि ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदाही अशा खाजगी व्यवहारात सहसा उपयोगी पडत नाही. फसवणुकीचा आरोप करावा तर १८७२ च्या करार कायद्याचे कलम १७ सांगते की बोलण्याचे कर्तव्य नसताना नुसते मौन बाळगणे ही फसवणूक नव्हे. आणि कलम १९ त्यापुढे जाऊन बजावते की साधारण दक्षतेने सत्य शोधून काढणे शक्य असेल तर मौनाच्या सबबीवर करार रद्द करून घेता येत नाही. टाकीतील पाणी बाटलीत दिसण्याजोगे असता ते पाहिले नाही, तर दाद मागणार कोठे? विम्याचाही आसरा नाही, कारण १९६३ च्या सागरी विमा कायद्यानुसार नेहमीची झीज, तसेच सागरी संकटातून प्रत्यक्ष न उद्भवलेली यंत्राची हानी, करारात निराळे ठरलेले नसल्यास, विमा कंपनीच्या जबाबदारीबाहेर राहते.

कागदपत्रांची रुजुवात ही स्वतंत्र बाब असली तरी तिचा इंजिनाशी निकटचा संबंध आहे. नोंदणीच्या दाखल्यावरील इंजिन क्रमांक यंत्रावरील क्रमांकाशी ताडून पाहावा. मधल्या काळात इंजिन बदलले असेल तर ते एकट्या इंजिनाचे वय नव्हे, सबंध व्यवहाराचे वजन बदलते. नौकेवर सहकारी संस्थेचे किंवा राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या योजनेतील कर्ज थकलेले नाही याची खातरजमा करावी, आणि परवाना नावावर झाल्याखेरीज डिझेलवरील कराचा परतावा मिळण्याची आशा धरू नये.

कायद्याची ही रचना खरेदीदाराला कठोर वाटेल, आणि ती तशी आहेही. परंतु तिच्यातच एक मार्ग खुला आहे व तो वापरणारे थोडे. कायदा मौनाला माफी देतो, खोट्या उत्तराला नाही; लेखी प्रश्नाला जाणूनबुजून दिलेले खोटे लेखी उत्तर ही उघड फसवणूक ठरते, आणि तेथे खरेदीदाराच्या गाफीलपणाची सबब विकणाऱ्याच्या उपयोगी पडणे कठीण होते. म्हणून खरेदीखतातच विकणाऱ्याच्या सहीने चार गोष्टींची नोंद करून घ्यावी : इंजिन शेवटचे पाण्यात केव्हा चालले, टाकी शेवटची केव्हा धुतली, इम्पेलर केव्हा बदलला, आणि हेड कधी उघडले होते काय. त्यासोबत, पावसाळ्यात सौदा ठरला तर बयाणा देऊन थांबावे, आणि रकमेचा एक हिस्सा नौका पाण्यात उतरून, पूर्ण वेगाने निदान दोन तास चालवून पाहीपर्यंत राखून ठेवावा, अशी अट घालावी. विकणाऱ्याचे यात काही नुकसान नाही, कारण ज्याने आपले इंजिन नीट निजविले आहे त्याला या चार प्रश्नांची उत्तरे तोंडपाठ असतात. आणि ज्याला ती देता येत नाहीत त्याच्या नौकेची किंमत किती कमी करून मागावी, याचा अंदाज खरेदीदाराला आपोआपच येतो.